‘दारूचं नाव काढू नका, क्लेम पास होतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मावशीचा फोन आला तो तक्रारीच्या सुरातच. "अगं, तू हॉस्पिटलात विम्याचंच काम करायचीस ना? मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" ‘हे’ म्हणजे लोकमान्य नगरातल्या तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, पितो. किती पितो ते आख्ख्या चाळीला माहीत आहे, म्हणून ते इथे सांगत बसत नाही. मावशीने मेसेज मला पाठवला, मी वाचला आणि दोन दिवसांत तोच मेसेज आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टपकला. म्हणून हे एकदाच लिहून टाकते.

मेसेज असा आहे, इमोजी वगळून:

"ब्रेकिंग! नवीन आरोग्य कायद्यामुळे दारू-ड्रग्जची व्यसनमुक्ती आता संपूर्ण मोफत! १) कोणत्याही मेडिक्लेमवर कॅशलेस. कंपनीने नाकारल्यास थेट गुन्हा. २) आयुष्मान कार्डावर कोणत्याही खासगी केंद्रात ९० दिवस, ५ लाखांपर्यंत. ३) जीएसटी हटल्यापासून व्यसनाचे उपचार पॉलिसीत आले. ४) अमेरिकेत ओबामाकेअरने केलं तेच आता भारतात. ५) रुग्णाची परवानगी लागत नाही, गाडी घरी येऊन घेऊन जाते. ६) महत्त्वाची टीप: ॲडमिट करताना दारूचं नाव काढू नका. पोटदुखी किंवा कावीळ सांगा, क्लेम लगेच पास होतो. एक तरी संसार वाचेल, पुढे पाठवा."

खाली एका केंद्राचा मोबाईल नंबर. तेव्हा मेसेज कुणी लिहिला हे शोधायला फार लांब जायला नको.

सहाव्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी पैसे जातील, याने माणूस जाईल.

ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर मी काही वर्षं बसत होते. प्री-ऑथच्या, म्हणजे विमा कंपनीकडे आगाऊ मंजुरी मागण्याच्या, फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, दमा अशी यादी असते आणि त्याच यादीत दारू किंवा ड्रग्जचा एक रकाना असतो. पेशंटला काय झालंय हे विचारायच्या आधी नातेवाईक त्या रकान्याकडे बोट दाखवतात. ‘मॅडम, तेवढं कोरं ठेवा.’ ‘डॉक्टरांनी केस पेपरवर इथेनॉलिक लिहिलंय, ते खोडता येईल का?’ ‘कधीतरी घेतात हो, लग्नाबिग्नात.’ लग्नाबिग्नात घेणाऱ्या माणसाचे हात सकाळी अकरा वाजता सही करताना थरथरत नाहीत, हे समोरच्यालाही कळत असतं आणि मलाही. या लोकांना मी कधी लबाड मानलं नाही. पन्नास हजार डिपॉझिट भरा म्हटल्यावर माणूस जे करेल तेच ते करत होते.

पण लपवल्यावर वॉर्डात काय होतं ते ऐका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की पहिल्याच दिवशी हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतं. माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसायला लागतं, ताप चढतो, नाडी धावते, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर तो मरतोही. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर हे बऱ्याच अंशी टाळता येतं. दारू सुटतानाचा त्रास आवरणारं क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम सुरू करतात, थायमिन देतात. हे थायमिन महत्त्वाचं आहे. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व बहुधा कमीच असतं, आणि त्याला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भुलीचा डोस, वेदनाशामक कोणतं द्यायचं, पॅरासिटामॉल किती, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. ‘पोटदुखी’ सांगून आत गेलेल्या माणसाला यातलं काहीही मिळत नाही, कारण कुणी मागितलेलंच नसतं.

एक केस अजून डोळ्यांपुढे आहे. स्कूटरवरून पडून पायाचं हाड मोडलेला चाळिशीतला माणूस. घरच्यांनी दारूला साफ नाही सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री त्याने सलाईन उपटलं आणि चादरीवर मुंग्या आहेत म्हणून ती झाडायला लागला. प्लास्टरच्या पायावर उभा राहायला गेला. सिस्टरने धरलं तर तिच्या अंगावर धावला. पहाटे आयसीयू. तेव्हा कुठे भावाने तोंड उघडलं, ‘रोजची क्वार्टर आहे, कधी हाफ.’ बिल दुपटीच्या वर गेलं. आणि आयसीयूच्या नोट्समध्ये दारूचा इतिहास आल्यावर टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली: किती वर्षांपासून, रोज किती, पहिल्यांदा निदान कधी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवर सर्टिफिकेट द्या, आधीचे सगळे कागद जोडा. शेवटी क्लेमही अडकला. जो वाचवायला खोटं बोलले तोच.

यातला सगळ्यात चीड आणणारा भाग असा की खरं सांगितलं असतं तर फ्रॅक्चरचे पैसे जायचं काही कारण नव्हतं. माणूस पितो आणि आजार पिण्यामुळे झालाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारूमुळे झालं म्हणून क्लेम नाकारायचा तर तसा संबंध कंपनीने दाखवायला हवा. पडला तेव्हा तो प्यायलेला नव्हता, कॅज्युअल्टीत वासही नव्हता. पण लपवलं की मामला वेगळा होतो. मग प्रश्न दारूचा राहत नाही, माहिती दडवल्याचा होतो.

हे माझ्या पदरचं नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एलआयसीच्या ‘जीवन आरोग्य’ पॉलिसीचं प्रकरण आलं होतं. पॉलिसी २०१३ ची. घेताना दारूच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर दिलेलं. पुढे माणूस पोटदुखीने दाखल झाला (बघा, पोटदुखीच!) आणि हॉस्पिटलातच वारला. खालच्या ग्राहक आयोगांनी बायकोच्या बाजूने निकाल दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि दारूचं व्यसन लपवलं म्हणून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. तिला आधीच मिळालेले पैसे परत मागू नका एवढी दया दाखवली, पण कायदा काय ते स्पष्ट झालं. हा एक निकाल त्या केंद्रवाल्याने वाचला असता तर सहावा मुद्दा लिहायला त्याचा हात धजला नसता. किंवा धजलाही असता. त्याचा क्लेम थोडाच आहे.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. मेसेजमध्ये अमेरिका आलीच आहे तर तिथलंच सांगते. तिथे १९४७ सालच्या एका नमुना कायद्याच्या आधारे अनेक राज्यांत विमा कंपन्यांना नशेत झालेल्या इजेचे पैसे नाकारता येत. परिणाम काय झाला, तर अपघात विभागातले डॉक्टर जखमीच्या रक्तातलं अल्कोहोल तपासायचंच टाळायला लागले. तपासलं नाही तर कागदावर येत नाही, कागदावर येत नाही तर हॉस्पिटलचं बिल बुडत नाही. ज्या क्षणी माणसाला ‘बाबा रे, आता थांब’ म्हणायला हवं, नेमका तोच क्षण हातचा जायचा. शेवटी २००१ मध्ये राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेनेच ते कलम काढून टाका अशी शिफारस केली. आमच्या डेस्कवर मी जे बघत होते ते याहून वेगळं नव्हतं. पैसे न देण्याचा नियम करा, लोक आजार लपवतात. आणि लपवलेल्या आजारावर उपचार होत नाहीत.

आता पहिला मुद्दा, मेडिक्लेमचा. इथे मला मन मारून थोडं मान्य करावं लागतं, कारण मेसेजवाल्याला चुकून अर्धी घंटा ऐकू आलेली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. आणि कलम २१(४) म्हणतं की शारीरिक आजारांना जसा विमा तसाच मानसिक आजारांनाही दिला पाहिजे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. इथपर्यंत वाचलं तर मावशीचा आनंद खरा वाटतो.

पण त्याच आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये पॉलिसीत काय वगळायचं याची प्रमाण भाषा ठरवून दिली. त्यात संकेत क्रमांक १२: दारूचं व्यसन, अमली पदार्थांचा गैरवापर किंवा कोणतीही व्यसनी अवस्था यांवरचे उपचार ‘आणि त्यांचे परिणाम’. तुमची पॉलिसी काढा, ‘एक्सक्ल १२’ शोधा. बहुतेकांच्या पॉलिसीत ते छापलेलं आहे. माझा आक्षेप ‘आणि त्यांचे परिणाम’ या शब्दांना आहे. त्यात सिरोसिस बसवतात, स्वादुपिंडाची सूज बसवतात. दारुड्याला आलेलं नैराश्यही बसवायला जातात, जे २०१७ च्या कायद्याने उघडउघड आत घेतलेलं आहे. म्हणजे कायदा पुढच्या दाराने बोलावतो आणि पॉलिसी मागच्या दाराने हाकलते. हे भांडण न्यायालयात लढण्यासारखं आहे, आणि कुणीतरी लढावंच. पण ‘सगळं कॅशलेस झालं’ असं सांगून एखाद्या बाईला भर रात्री मुलगा घेऊन काउंटरवर पाठवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि नाही म्हटलं तर ‘थेट गुन्हा’? क्लेम नाकारणं हा फौजदारी गुन्हा नाही. कुठे दाद मागायची ते शेवटी सांगते.

समजा एखाद्या पॉलिसीत ही अट नसेल, नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी नसते, तरी मेसेजखालचं केंद्र बसत नाही ते नाहीच. पॉलिसीच्या लेखी हॉस्पिटल म्हणजे एकतर हॉस्पिटल म्हणून रीतसर नोंदणी, नाहीतर ठाण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर. येऊरच्या वाटेवर किंवा मुरबाडकडे बंगला भाड्याने घेऊन, चार खोल्यांत लोखंडी खाटा टाकून, सकाळी प्रार्थना आणि संध्याकाळी लेक्चर ठेवणारं केंद्र चांगलं असू शकतं. काही खरोखर चांगली आहेतही. पण ते हॉस्पिटल नव्हे. तिथली पावती घेऊन कंपनीकडे जाऊ नका, चपला झिजतील.

दुसरा मुद्दा आयुष्मान कार्डाचा. मावशीची खरी आशा यावर होती, कारण मेडिक्लेम तिच्याकडे नाहीच. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, हे खरं. उपचारांच्या यादीत नशेच्या पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक आणि वर्तनविषयक विकारांचं पॅकेज आहे, हेही खरं. पण मानसिक आजारांची ही पॅकेजेस सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवली गेली. आणि योजनेत काय बसत नाही याच्या यादीत दोन गोष्टी ठळक आहेत: ओपीडी आणि व्यसनमुक्ती पुनर्वसन कार्यक्रम. थोडक्यात, फिट आली किंवा भ्रम झाला म्हणून सरकारी वॉर्डात दाखल केलं तर कार्ड कामाला येऊ शकतं. ‘कोणत्याही खासगी केंद्रात ९० दिवस’ हे साफ खोटं आहे. कार्डाची झेरॉक्स आणि आधार घेऊन कुणी ‘बाकीचं आम्ही बघतो’ म्हणालं तर झेरॉक्स परत मागा.

यातली खरी गोम मात्र मेसेजवाल्याच्या डोक्यातही आलेली नाही. व्यसनाचा बहुतेक उपचार खाटेवर होतच नाही. दारू उतरवायचे काही दिवस संपले की मग महिनोन्महिने गोळ्या, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं, पाय घसरला की पुन्हा पहिल्यापासून. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेट महिना महिना चालतं. हे सगळं ओपीडीत होतं, आणि ओपीडीला मेडिक्लेमही सहसा पैसे देत नाही, कार्डही देत नाही. पैसे फक्त खाटेला आहेत, म्हणून विकायला सगळे खाटाच घेऊन बसतात. ‘९० दिवस ठेवा’ हा आकडा वैद्यकशास्त्रापेक्षा पॅकेजच्या दरपत्रकात जास्त सापडतो. एम्सच्या व्यसन उपचारांच्या राष्ट्रीय केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलाही उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला. विमासुधारणा करायचीच असेल तर ती त्या ३८ मधल्या उरलेल्या ३७ जणांच्या ओपीडीच्या पायरीवर सुरू व्हायला हवी. तशी घोषणा झाली तर मी स्वतः सगळ्या ग्रुपवर पाठवीन.

तिसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. हप्त्यावरचा कर गेला, पॉलिसीच्या आतलं एक अक्षरही बदललं नाही.

चौथा, अमेरिका. तिथे २००८ मध्ये मानसिक आरोग्य आणि व्यसन यांना इतर आजारांच्या बरोबरीने वागवण्याचा कायदा झाला आणि २०१० च्या ओबामाकेअर या आरोग्य विमा कायद्याने व्यसनाचे उपचार दहा अत्यावश्यक लाभांत घातले. तिकडे व्यसन आत घेतलं, आपण ते वगळण्याच्या यादीत ठेवलं. ‘तेच आता भारतात’ कुठून आलं? आणि पैसे सुरू झाल्यावर तिथेही सगळं गोड झालेलं नाही. फ्लोरिडात विमा असलेले पेशंट या केंद्रातून त्या केंद्रात फिरवायचे, आणणाऱ्याला दलाली द्यायची, लघवीच्या तपासण्यांची बिलं फुगवायची, असा धंदा चालला होता आणि त्यात लोक तुरुंगात गेले. म्हणून विमा नकोच असं मी म्हणत नाही. मेसेजखालच्या मोबाईल नंबरकडे जरा संशयाने बघा, एवढंच म्हणते.

पाचवा, घरी येणारी गाडी. नातेवाइकाच्या अर्जावरून, माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची सोय २०१७ च्या कायद्यात कलम ८९ खाली आहे. पण त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असावा लागतो, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था. दोघांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासावं लागतं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, पुढे ठेवायचं तर नव्याने तपासणी आणि त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. विनानोंदणी केंद्राला पहिल्या खेपेला ५ हजार ते ५० हजार दंड आहे, जो मला हास्यास्पद कमी वाटतो. चौघे धट्टेकट्टे येऊन मुलाला जिन्यावरून ओढत नेत असतील तर नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव विचारा. पुष्कळदा गाडी तिथूनच वळते.

मग करायचं काय? मावशीनेही हेच विचारलं, जरा चिडूनच. ठाण्यातलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आपल्या शहरात उभं आहे. नाव ऐकून लोक कचरतात, पण तिथे ओपीडी आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ बसतात. सिव्हिलमध्येही दाखवता येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांची माहिती १४४४६ वर मिळते, नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ आहे. आणि कुठेही गेलात तरी आधी हे सांगा: रोज किती, किती वर्षं, शेवटचा घोट कधी, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का. शेजारचे ऐकतील अशी लाज वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

ज्यांच्याकडे पॉलिसी आहे आणि क्लेम नाकारला गेलाय त्यांनी तोंडी नकार घेऊ नये. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. ठाणे, नवी मुंबईसाठी लोकपालाचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. नकारपत्र, पॉलिसीची पूर्ण प्रत (फक्त कार्ड नव्हे), डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जोडा. फी नाही. वकील लागत नाही, आणि तिथे तो चालतही नाही.